चांदीपुरा, नागपूर आणि डाकार : रोगसंशोधनातील भागीदारी बरोबरीची हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. तेव्हापासून या संस्थेविषयी शहरात जे बोलले जाते, ते बहुतेक जागा, निधी आणि भरती यांविषयीच असते. माणसे, पाळीव जनावरे आणि वन्यप्राणी यांच्या आजारांचा एकत्रित अभ्यास करणारी संस्था जंगलांनी वेढलेल्या विदर्भात यावी, हा निर्णय अगदी रास्त आहे. परंतु ही संस्था देशाबाहेरील कोणाबरोबर काम करणार, कोणत्या अटींवर करणार आणि इथल्या रुग्णांच्या रक्तातून जे ज्ञान हाती येईल त्यात इथल्या माणसांचा वाटा काय राहणार, यांवर जाहीर चर्चा झालेली माझ्या पाहण्यात नाही. संसर्गजन्य रोग आणि रोगप्रतिकारशास्त्र या विषयांत कोणत्याही एका देशाची प्रयोगशाळा आज एकटीने फार पुढे जाऊ शकत नाही. संस्थेची घडी बसण्याआधीच हा विषय वाचकांपुढे आणि धोरण ठरवणाऱ्यांपुढे यावा, यासाठी हे काहीसे लांबलेले पत्र लिहीत आहे. विदर्भात मी अनेक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे आणि त्या अनुभवाच्या आधारेच हे म्हणणे मांडत आहे.

ही चर्चा चांदीपुरा विषाणूपासून सुरू व्हावी असे मला वाटते, कारण तो आपल्याच भागात सापडला आणि त्याचे काम आपल्याकडूनच अपुरे राहिले. 1965 साली नागपूर परिसरात तापाची मोठी साथ आली होती. चिकुनगुनिया आणि डेंगी यांचा शोध चालू असताना पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक निराळाच विषाणू मिळाला आणि गावावरून त्याचे नाव चांदीपुरा पडले. ज्या केंद्राने हा शोध लावला, ते 1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभे केले होते. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. याच केंद्राने 1957 साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे आणि माणसे एकाच आजाराने मरत असल्याचे हेरून त्यामागचा विषाणू ओळखला होता. नागपूरच्या नव्या संस्थेकडून आज ज्या प्रकारच्या कामाची अपेक्षा आहे, ते काम परदेशी भागीदारीतून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रातील एका संस्थेने त्या काळी करून दाखवले होते.

चांदीपुऱ्याच्या संशोधनाचे पुढे काय झाले, हे मात्र समाधानकारक नाही. साधा ताप आणणारा विषाणू म्हणून तो बराच काळ दुर्लक्षित राहिला. 2003 साली आंध्र प्रदेशात 329 मुले मेंदूज्वराने आजारी पडली, त्यांतील 183 दगावली, आणि तपासात पुढे आला तो हाच विषाणू. 2007 मध्ये नागपूर विभागात त्याने मुलांचे बळी घेतले. 2024 मध्ये जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे 245 रुग्ण नोंदवले गेले. त्यांतील 82 जणांचा मृत्यू झाला आणि 64 जणांत चांदीपुऱ्याची लागण असल्याचे निश्चित झाले. शोध लागून साठ वर्षे उलटली तरी या रोगावर वापरात असलेली लस नाही आणि खात्रीचे औषधही नाही. राष्ट्रीय विषाणू संस्थेने निष्क्रिय विषाणूपासून लस बनवून ती उंदरांवर तपासली होती, पण ती मुलांपर्यंत पोहोचलेली नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे आणि आपल्या व्यवस्थेतही आहे. या आजारात सकाळी अंगणात खेळणाऱ्या मुलाला संध्याकाळी सणकून ताप भरतो, उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते, आणि अनेकदा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सारे संपते. गडचिरोली, गोंदिया, भंडारा किंवा शेजारच्या बालाघाट-छिंदवाड्याकडून निघालेले कुटुंब मूल घेऊन नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपर्यंत पोहोचते, तेव्हा त्यातला निम्मा वेळ निघून गेलेला असतो. मग पाठीच्या कण्यातले पाणी काढले जाते. त्या एक-दोन मिलिलिटर पाण्यातून पेशी, साखर, प्रथिने आणि जिवाणू यांच्या तपासण्या झाल्या की विषाणूसाठी नळीच्या तळाशी जे काही थेंब उरतात, ते आमच्या काळी थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवून, झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून, रात्रीच्या गाडीने पुण्याला जात. अहवाल येई तेव्हा पलंगावर दुसरे मूल असे. करोनाच्या काळात आरटी-पीसीआरची सोय ठिकठिकाणी झाली, त्यामुळे निदानाची ही अडचण आता पुष्कळ कमी झाली आहे. पण नुसत्या निदानाने लस तयार होत नाही.

रोगप्रतिकारशास्त्राचे खरे प्रश्न निदानानंतर सुरू होतात. शरीरात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार व्हायला काही दिवस लागतात आणि चांदीपुऱ्यात मूल त्याआधीच दगावते, म्हणून मृत मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे शोधून फारसे हाती लागत नाही. उलट ज्या भागात हा विषाणू फिरतो, तिथल्या प्रौढांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे बऱ्याच प्रमाणात आढळतात, म्हणजे त्यांना कधीतरी लागण होऊन गेलेली असते आणि ते बचावलेले असतात. हे संरक्षण नेमके कशामुळे मिळते, ते किती वर्षे टिकते, आईकडून ते तान्ह्या बाळाला मिळते का, आणि एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाला नुसता ताप येऊन दुसऱ्याच्या मेंदूला सूज का येते, हे कळल्याशिवाय लस कोणाला आणि कोणत्या वयात द्यायची हे ठरवता येणार नाही. त्यासाठी वाचलेल्या मुलांचे आणि त्यांच्या भावंडांचे रक्त पुन्हापुन्हा, वर्षानुवर्षे तपासावे लागते. रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी नमुना घेतल्यापासून काही तासांत वेगळ्या करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात. हे काम बर्फाच्या डब्यातून पुण्याला पाठवता येत नाही. ते नागपुरातच व्हायला हवे. शिवाय एका जिल्ह्यात एका मोसमात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण असतात. विदर्भ, तेलंगणा, आंध्र आणि गुजरात यांनी एकाच पद्धतीने नमुने घेतले, एकाच पद्धतीने मोजले आणि एकत्र तपासले, तरच त्यातून काही निष्कर्ष काढता येईल.

या कोड्याचे काही महत्त्वाचे तुकडे देशाबाहेर आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. चांदीपुरा विषाणूच्या पृष्ठभागावरील जे प्रथिन पेशीला चिकटून आत शिरण्याचे काम करते, त्याच्या त्रिमितीय रचनेचा अभ्यास फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी केला आहे. विषाणू पेशीत कसा घुसतो या मूलभूत प्रश्नाच्या कुतूहलापोटी त्यांनी तो केला. प्रतिपिंडांचे मुख्य लक्ष्य हेच प्रथिन असल्यामुळे लसीच्या दृष्टीने त्या कामाचे मोल फार आहे. दुसरा तुकडा कॅनडाचा. चांदीपुऱ्याच्याच गणातला एक विषाणू गुरांच्या तोंडाला फोड आणतो. कॅनडाच्या सरकारी प्रयोगशाळेतील संशोधकांनी त्याचे पृष्ठप्रथिन काढून तिथे इबोलाचे प्रथिन बसवले. अशा रीतीने बनलेल्या इबोलाच्या लसीची चाचणी 2015 मध्ये साथ चालू असताना गिनीमध्ये झाली आणि 2019 मध्ये तिला युरोप-अमेरिकेत परवानगी मिळाली. ज्या गणातील विषाणूचे लशीत रूपांतर करण्याची विद्या जगाला अवगत झाली आहे, त्याच गणातील आपला विषाणू विदर्भातील मुलांचा जीव घेत राहतो, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

तिसरा तुकडा आफ्रिकेतला आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चांदीपुरा विषाणू भारताबाहेरही सापडलेला आहे. नायजेरियात तो साळूसारख्या काटेरी पण आकाराने लहान अशा एका प्राण्यात सापडला आणि सेनेगलमध्ये वाळूमाशीत. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यांत आणि ओलसर कोपऱ्यांत राहणारी, डासाहून लहान अशी ही माशीच आपल्याकडे या रोगाचा प्रसार करते. पण मेंदूज्वराच्या साथी मात्र भारतातच नोंदवल्या गेल्या आहेत. आफ्रिकेत विषाणू आहे, माशी आहे, खेडी आहेत, लहान मुले आहेत. मग साथ का नाही? तिथला विषाणू सौम्य आहे, की तिथल्या माशीला माणसाचे रक्त कमी आवडते, की तिथल्या मुलांना दुसऱ्या एखाद्या जवळच्या विषाणूमुळे आधीच थोडे संरक्षण मिळालेले असते, की तिथे होणारे मृत्यू मेंदूच्या हिवतापाच्या नावावर जमा होतात? या चारांपैकी कोणतेही उत्तर खरे निघाले तरी विदर्भातील बालरोगतज्ज्ञाला त्याचा थेट उपयोग आहे. आणि ते शोधण्यासाठी आपल्याला बोस्टन किंवा लंडनला जाण्याआधी सेनेगलच्या राजधानीला, डाकारला, जावे लागेल. डाकारची पाश्चर संस्था माश्या-डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर कित्येक दशके काम करत आली आहे आणि ती पिवळ्या तापाची लसही बनवते. अशा संस्थेशी नागपूरच्या संस्थेने पहिल्या काही करारांपैकी एक करार करावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

परदेशी सहकार्य म्हटले की आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की आपले नमुने बाहेर जाऊच देऊ नयेत, आपले आपण करू. दुसरे असे की परदेशी संस्थेचे नाव फलकावर झळकले म्हणजे काम आपोआप होईल. आपल्या देशाचा स्वतःचा इतिहास या दोन्ही मतांना दुजोरा देत नाही.

1956 साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून क्षयरोगाच्या औषधोपचारांचे केंद्र सुरू केले. क्षयरोग्याला आरोग्यधामात महिनोन् महिने ठेवणे, चांगले खाऊपिऊ घालणे आणि विश्रांती देणे हाच त्या काळी उत्तम उपचार मानला जाई. पण लाखो गरीब रुग्णांसाठी तेवढ्या खाटा आणायच्या कुठून? केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना मद्रासच्या वस्त्यांमधील त्यांच्या घरीच, तीच औषधे दिली. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे की घरी राहून, दाटीवाटीत आणि बेताच्या अन्नावर औषधे घेणारे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. या एका अभ्यासाने जगभरची आरोग्यधामे हळूहळू अनावश्यक ठरवली. माझ्या दृष्टीने यातली मोलाची बाब अशी की प्रश्न भारताचा होता, रुग्ण भारताचे होते आणि उत्तराचा लाभ सर्वांत आधी भारतातील गरिबांना झाला. बाहेरून आली ती चाचणीची काटेकोर पद्धत. ते केंद्र नंतर बंद पडले नाही, ते चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून आजही उभे आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या मेंदूआवरणदाहाच्या (मेनिंजायटिसच्या) लसीचे उदाहरण याहून अलीकडचे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 'अ' गटाच्या जिवाणूमुळे येणाऱ्या साथी हजारो बळी घेत असत. मोठ्या कंपन्यांना त्या लसीत रस नव्हता, कारण विकत घेणारे देश गरीब होते. लसीसाठी जिवाणूच्या आवरणातील साखळी-शर्करेला प्रथिन जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांनी दिले, समन्वय जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थांनी केला, चाचण्या आफ्रिकेत आणि भारतात झाल्या आणि उत्पादन पुण्यात झाले. अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची ही लस डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोपासून द्यायला सुरुवात झाली आणि त्या पट्ट्यातून 'अ' गटाची साथ जवळजवळ नाहीशी झाली. ऑक्सफर्डबरोबर विकसित झालेल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या हिवतापाच्या आर-21 लसीचे उत्पादनही पुण्यातच होते. रोटाव्हायरसच्या आपल्या लसीचा मूळ विषाणू दिल्लीच्या एम्समधील नवजात बालकांत ऐंशीच्या दशकात सापडला आणि 1987 च्या भारत-अमेरिका लस कार्यक्रमातून तिचे काम पुढे गेले. सार्वत्रिक लसीकरणात ती आली 2016 मध्ये. कोव्हॅक्सिन पूर्णपणे देशी लस म्हणून ओळखली जाते, आणि तिचा विषाणू पुण्यात वेगळा केला गेला याचा अभिमान योग्यच आहे; पण तिच्यातील प्रतिकारशक्तीला चेतवणारा पूरक घटक अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका छोट्या कंपनीने तिथल्या सरकारी निधीतून विकसित केला होता. हे सांगितल्याने लसीचे देशीपण कमी होत नाही.

सहकार्यात फसवणूक आणि अपमान झाल्याची उदाहरणेही आहेत आणि ती लपवून भागीदारीचा पुरस्कार करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 2009-10 मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा इथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प परदेशी संस्थेच्या सहभागाने राबवला गेला, तेव्हा वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्याचे उघड झाले. चौकशीत मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. तरीही संमतीच्या प्रश्नावर 2013 मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. त्याआधी 2007 मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे विषाणू जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले होते, कारण त्यांच्या रुग्णांतून मिळालेल्या विषाणूपासून बनणारी लस त्यांनाच परवडणार नव्हती. त्या तंट्यातून 2011 मध्ये फ्लूपुरती का होईना, नमुने आणि लाभ यांच्या वाटपाची जागतिक चौकट तयार झाली. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची माहिती तातडीने जगाला दिली आणि त्या बदल्यात त्यांच्या देशाची विमाने बंद झाली. प्रामाणिकपणाची अशी परतफेड झाली, तर पुढच्या वेळी माहिती द्यायला कोण पुढे येईल?

आपल्या जवळचे उदाहरण द्यायचे तर फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत करोनाचे रुग्ण एकाएकी वाढू लागले आणि विदर्भातील नमुन्यांत काटेरी प्रथिनातील चिंताजनक बदल दिसले. ते जनुकक्रम जागतिक भांडारात गेल्यामुळेच जगभरच्या प्रयोगशाळा विषाणूच्या या नव्या घराण्यावर लसींचा किती परिणाम होतो हे तपासू शकल्या. नमुने देणाऱ्या जिल्ह्यांच्या पदरी त्या अभ्यासांतून काय पडले, हे मात्र कोणी फारसे विचारले नाही.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगते. एका अभ्यासासाठी गडचिरोलीकडच्या गावांतून रक्तनमुने गोळा केले होते. संमतिपत्र मराठीत होते, पण ते वाचून दाखवताना कार्यकर्तीला त्यातील अर्धी वाक्ये स्वतःलाच समजत नव्हती, आणि ऐकणाऱ्यांची घरची भाषा गोंडी होती. एका आईने मुलाची बाही खाली ओढत विचारले, "रक्त त् नेता मॅडम, पन रिपोर्ट आमाले कोन आनून देईन?" तो रिपोर्ट तिला कधीच मिळाला नाही. शोधनिबंध पुढे एका नामांकित नियतकालिकात आला. त्यात उन्हातान्हात गावोगाव फिरलेल्या, रात्री उशिरापर्यंत सेंट्रीफ्यूजपाशी बसून सिरम वेगळे केलेल्या इथल्या तंत्रज्ञांपैकी एकाचेही नाव नव्हते. अशा अनुभवातून गेलेली गावे दुसऱ्यांदा दार उघडत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

आता परिस्थिती बदलते आहे. अमेरिकेने 20 जानेवारी 2025 रोजी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच वर्षी मे महिन्याच्या आरंभी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी सहसंशोधकांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली. क्षयरोग, एचआयव्ही आणि हिवताप यांवरील अनेक भारतीय गटांचा या पैशावर मोठा आधार होता. ही अडचण खरी आहे, पण मला तीत एक संधीही दिसते. पैसा पूर्णपणे दुसऱ्याचा असला की प्रश्नही त्याचाच असतो आणि आपल्याकडे नमुने पुरवण्याचेच काम उरते. भारत सरकारने आफ्रिका, आग्नेय आशिया आणि युरोपातील संस्थांबरोबरच्या संशोधनासाठी स्वतःचा हिस्सा रोख मोजला, तर आपल्याला करारात दुरुस्त्या सुचवण्याचा अधिकार आपोआप मिळेल. मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथींविषयीचा करार मंजूर केला. रोगकारकांचे नमुने आणि त्यांपासून मिळणारे लाभ यांच्या वाटपाचा कळीचा भाग मात्र वेगळ्या परिशिष्टाच्या वाटाघाटींवर सोपवला गेला. त्या वाटाघाटींत भारताची बाजू मजबूत व्हायची असेल तर भारतातील संस्था घरातही तीच न्याय्य वागणूक देतात, हे दाखवता आले पाहिजे.

नागपूरच्या संस्थेकडून म्हणूनच माझ्या अपेक्षा बऱ्याच व्यवहारी आहेत. उणे 80 अंशांचे शीतकपाट आणि द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्या, त्यांना अखंड वीज आणि नोंदी ठेवणारा कायम नोकरीतला तंत्रज्ञ, हे सारे यंत्रखरेदीच्या पहिल्या यादीतच असावे. मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलांचे सिरम आणि पेशी इथे साठवल्या गेल्या, तर परदेशी संशोधकालाच इथे यावे लागेल आणि आपली मुले-मुली त्याच्या शेजारी उभी राहून काम शिकतील. नमुना बाहेर पाठवणे अटळ असेल तेव्हा त्याचा निम्मा भाग इथे राहावा. परदेशी सहकार्याच्या प्रकल्पांना आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, ती लागायलाच हवी. पण साथ पावसाळ्यात येते आणि मंजुरी हिवाळ्यात मिळाली तर वर्ष वाया जाते. साथीच्या रोगांसाठीचे आराखडे आधीच मंजूर करून ठेवण्याची सोय झाली पाहिजे. पशुवैद्यकांना या कामात बरोबरीचे स्थान हवे. डिसेंबर 2024 मध्ये नागपुरातील गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, त्याचे निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत झाले. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरात, दोन मोठी सरकारी रुग्णालये आणि एम्स नागपुरात, जंगल तासाभराच्या अंतरावर. इतक्या गोष्टी एका ठिकाणी असलेली शहरे जगात फार नाहीत आणि परदेशी संस्थांशी बोलताना हे आपण ठामपणे सांगितले पाहिजे. डाकारच्या तरुण कीटकशास्त्रज्ञाने एक पावसाळा भंडाऱ्यात माश्या पकडण्यात घालवावा आणि नागपूरच्या संशोधक मुलीने तितकाच काळ सेनेगलमध्ये काढावा, अशी देवाणघेवाण व्हावी. तिच्या शिष्यवृत्तीवर होणारा खर्च एखाद्या यंत्राच्या वार्षिक देखभालीएवढाही नसेल.

राहिला प्रश्न लोकांच्या विश्वासाचा. संस्थेने परदेशी भागीदारांशी केलेल्या प्रत्येक कराराचा मजकूर, म्हणजे नमुने कोणाकडे किती काळ राहतील, शोधनिबंधात कोणाची नावे येतील, औषध वा लस निघाल्यास ती इथे कोणत्या किमतीत मिळेल, हे सारे मराठीत संकेतस्थळावर आणि संबंधित ग्रामपंचायतींमध्ये प्रसिद्ध करावे. गोंडी बोलणाऱ्या गावांत ते ग्रामसभेपुढे गोंडीतून तोंडी समजावून सांगावे. आणि ज्यांच्याकडून रक्त घेतले त्या प्रत्येक घरी तपासणीचा निकाल पोहोचवण्याची जबाबदारी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच एका नेमलेल्या माणसावर टाकावी. या तीन अटी पहिला करार होण्याआधी संस्थेच्या नियमांत समाविष्ट कराव्यात, अशी विनंती मी आपल्या दैनिकामार्फत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला आणि विदर्भातील लोकप्रतिनिधींना करीत आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र अध्यापिका,
बजाजनगर, नागपूर